चौकटीबाहेरची शेपटी

आत्याचा आवाज ऐकू आला तेव्हा आत्या ठिपकीच्या समोरच बसली होती, आणि तिचं तोंड बंद होतं.

"पाय पुसा!"

खिडकीच्या काचा थरथरल्या. दौतीतली शाई काठापर्यंत हिंदकळली.

आत्या टाकाचं टोक दगडावर घासत होती. तिचा हात थांबला. "तू काही बोललीस?"

"नाही. मला वाटलं तू बोललीस."

"मी बोलले असते तर मला कळलं नसतं का?"

"सरळ उभे राहा! मान वर! आणि हे काय, नखं बघू!" पुन्हा तोच आवाज. तो समुद्राकडून येत होता, आणि एवढा मोठा होता की छतावरच्या कौलांमधली धूळ खाली सांडली.

आत्याला नुसतं आश्चर्य वाटलं होतं. ठिपकीला मात्र एक गोष्ट ठाऊक होती आणि ती तिने कुणालाच सांगितलेली नव्हती.

ही फार जुन्या काळातली गोष्ट. त्या काळी नकाशे जगाकडे बघून काढत, पण एकदा त्यांच्यावर राजाचा शिक्का बसला की पुढे जगाला नकाशाप्रमाणे वागावं लागे. नकाशात टेकडी असेल तर सकाळपर्यंत टेकडी उगवायची. आत्याच्या आजोबांच्या टाकातून एकदा शाईचा थेंब पडला होता. गावाबाहेरचं ते काळं तळं अजून तिथे आहे आणि त्यात पोहणारी माणसं आठवडाभर निळी दिसतात. म्हणून नकाशे काढण्याचं काम एकाच घराकडे होतं, आणि त्या घरात आता आत्या होती. तिच्या हाताखाली शिकत होती तिची भाची ठिपकी. नाकावर कायम शाईचा ठिपका असायचा, म्हणून ठिपकी. तिला आई नव्हती. बाबा होते, आणि ते वर्षातले बरेच महिने जहाजावर असायचे.

आत्या वाईट नव्हती. पण ती फार ओरडायची. ओरडायची तिची एक रीत होती. आधी हातातली वस्तू खाली ठेवायची, आवाज न करता, अगदी जपून. मग दोन्ही हात कमरेवर ठेवायची. मग सुरू. हात कमरेवर ठेवल्याशिवाय तिला ओरडताच येत नसे. ठिपकी तिचा टाक खाली टेकताना पाहायची आणि तिथेच गार पडायची.

दोघी खिडकीशी गेल्या.

बंदराच्या तोंडाशी, जिथे काल नुसतं पाणी होतं, तिथे एक प्राणी बसला होता. अंग देवमाशाचं. पण देवमासा त्याच्यापुढे चिमणी वाटला असता. वल्ह्यांसारखे दोन लांब हात. डोक्यावर शेवाळाचा घट्ट अंबाडा. नाकावर चष्मा, आणि चष्म्याची एकेक काच देवळाच्या घुमटाएवढी. त्याने एक मासेमारीची होडी उचलली, उलटी केली, तिचा तळ डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि गरजला, "याला घासलं म्हणतात?" होडीतले दोन कोळी केव्हाच पाण्यात पडले होते आणि जीव घेऊन किनाऱ्याकडे पोहत होते.

आत्या बराच वेळ पाहत राहिली. तिने नकळत आपल्या अंबाड्याला हात लावला.

"ठिपके," ती हळू आवाजात म्हणाली, "तो प्राणी माझ्यासारखा का दिसतो?"

ठिपकी भिंतीकडे वळली. तिने बोट दाखवलं. भिंतीवर बंदराचा नवा नकाशा टांगलेला होता, कातड्यावर काढलेला, कोपऱ्यात ताज्या लाखेचा शिक्का. त्यात समुद्राच्या मोकळ्या जागी, अंगठ्याएवढं एक चित्र होतं. अंबाडा, चष्मा, सगळं. शाई ओल्यासारखी चमकत होती आणि चित्र हलत होतं. बाहेर प्राणी वळला की चित्रही कातड्यावर वळत होतं.

"समुद्र रिकामा सोडायचा नाही, असं तूच म्हणतेस," ठिपकी कुजबुजली. "रिकाम्या जागेत कुणीही येऊन बसतं, म्हणतेस. म्हणून मी भरला. तू मला ओरडली होतीस. मला राग आला होता. मी पुसणार होते, पण शिक्केबुवा आले आणि..."

शिक्केबुवा म्हणजे बंदराचे अधिकारी. त्यांना शिक्के मारायची भारी हौस. समोर सपाट काही दिसलं की त्यांचा हात शिवशिवायचा. काल आत्या दार उघडायला गेली, परत येईपर्यंत शिक्केबुवांनी नकाशावर शिक्का मारला होता, शेजारच्या रिकाम्या बशीवरही मारला होता, आणि समाधानाने घरी गेले होते.

तेच शिक्केबुवा आता जिना चढून धापा टाकत आत आले. टोपी नव्हती, एका पायात जोडा नव्हता.

"नकाशेबाई! तिथे, समुद्रात, तुम्ही... म्हणजे तुम्ही नाही, पण तुम्हीच..."

"पाहिलं मी," आत्या म्हणाली.

"माझी होडी उचलली त्याने! कान पकडायला लावले मला! या वयात!" त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले मात्र टेबलाखाली. "आणि बाई, दीपस्तंभावरून निरोप आलाय. तुमच्या भावाचं जहाज दिसतंय. वारा चांगला आहे. घटकाभरात बंदरात शिरेल."

ठिपकीला आधी आनंद झाला. फक्त क्षणभर. मग तिला जहाजाचा तळ आठवला. इतके महिने पाण्यात राहिलेल्या जहाजाच्या तळाला शिंपले चिकटतात, शेवाळ लोंबतं. बाबांच्या जहाजाचा तळ तर वीतभर घाण असणार. आणि बाबांना पोहता येत नव्हतं. इतकी वर्षं जहाजावर काढलेल्या माणसाला पोहता येत नाही, यावर आत्या दरवेळी त्यांना चिडवायची.

आज तिला चिडवायला वेळ नव्हता. तिने नकाशा भिंतीवरून काढून टेबलावर पसरला.

"ठिपके, याची चौकट कुठे आहे?"

"कुठली चौकट?"

"मी जो जो मासा काढते, त्याच्याभोवती चौकट असते. कोपऱ्यात 'एकास एक' लिहिलेलं असतं. शंभरदा पाहिलंयस तू. ती का नाही काढलीस?"

"ती नक्षी नव्हती का? मला वाटलं, शोभेसाठी काढतेस. मला चौकटी काढायचा कंटाळा येतो."

आत्याने टाक खाली ठेवला. ठिपकीने डोळे मिटले. पण ओरडणं आलंच नाही. डोळे उघडून पाहिलं तर आत्याचे हात कमरेपर्यंत जाऊन तिथेच लटकत राहिले होते.

"शंभरदा 'चौकट काढ' म्हणाले," आत्या म्हणाली. "का काढायची, हे एकदाही नाही सांगितलं. ऐक. या नकाशात बोटाचं एक पेर म्हणजे खऱ्या समुद्रात बाणाचा एक टप्पा. मग तू अंगठ्याएवढा प्राणी काढलास, तर तो बाहेर केवढा होईल?"

ठिपकीने खिडकीकडे पाहिलं. "तेवढा."

"तेवढा. आणि चौकट काढून आत 'एकास एक' लिहिलं, की चौकटीतलं जे जे असेल ते चित्रात जेवढं, तेवढंच खरं. माझे मासे अंगठ्याएवढेच असतात. कुणाला दिसतही नाहीत. समुद्र मात्र भरलेला राहतो."

"मग आत्ता चौकट काढ ना!"

"मला नाही जमणार. एका हाताने काढलेलं चित्र दुसऱ्या हाताची रेघ मानत नाही. तूच काढायला हवी."

"खरवडून टाकलं तर?" टेबलाखालून आवाज आला.

"खरवडलं की कातड्याला भोक पडतं," आत्या म्हणाली. "माझ्या काकांनी एकदा एक विहीर खरवडली होती. त्या भोकात एक बकरी पडली. अजून ओरडते. दरवर्षी आवाज थोडा आणखी खालून येतो."



ठिपकीने टाक उचलला. हात असा कापत होता की टोकावरून शाई ठिबकेल, आणि बंदरात आणखी एक काळं तळं होईल, असं वाटत होतं. तिने टाक दौतीच्या काठाला निपटला. पुन्हा निपटला.

"थांब. एक गोष्ट नीट लक्षात घे," आत्या म्हणाली. "चौकटीत जे असेल ते सगळं लहान होईल. दादाचं जहाज आत राहिलं, तर तांदळाच्या कणीएवढं होईल. आणि दादा..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "मी दुर्बिणीतून बघते आणि जहाज कुठे आहे ते नकाशावर दाखवते. टाचणी टोचता येणार नाही, भोक पडेल." शाई टिपायच्या वाळूच्या डबीतून तिने एक जाडसर कण चिमटीत घेतला आणि बंदराच्या तोंडापाशी ठेवला. "हे तुझे बाबा."

ठिपकीने त्या कणाकडे पाहिलं. तिच्या श्वासाने तो किंचित हलला. तिने श्वास रोखला.

पहिली बाजू तिने प्राण्याच्या डाव्या अंगाने ओढली. बाहेर समुद्रावर तीच रेघ उमटली. रस्त्याएवढी रुंद काळी पट्टी पाण्यावर सरसर पसरत गेली. प्राण्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"ही कोणी ओढली?" तो गरजला. "हात कापतोय! पुन्हा काढा!"

ठिपकीच्या डोळ्यांत पाणी आलं. रोज ऐकलेलंच वाक्य होतं ते. पण आभाळाएवढ्या तोंडातून ऐकलं की काळजाचं पाणी होतं.

"त्या समुद्रातल्या बाईकडे लक्ष देऊ नकोस," खऱ्या आत्याने सांगितलं. "कापू दे हात. रेघ वाकडी आली तरी चालेल. फक्त तुटू देऊ नकोस."

दुसरी बाजू झाली, अंबाड्याच्या वरून. तिसरी झाली, उजवीकडून. चौथी बाजू बंदराच्या तोंडाकडची, शेपटीजवळची. जहाज नक्की कुठे आहे ते कळल्याशिवाय तिकडे टाक टेकवायचा नव्हता.

आणि टेबलाखाली शिक्केबुवांना शिंक आली. कौलांमधली धूळ त्यांच्याच नाकात गेली होती. त्यांनी नाक दाबलं, तोंड दाबलं, आणि मग जी शिंक बाहेर पडली तिने टेबलच उडालं. वाळूचा कण दिसेनासा झाला.

"बाबा!" ठिपकी ओरडली.

"नुसती वाळू आहे ती! वाळू!" आत्याने दुर्बीण डोळ्याला लावली. दुर्बीण धरलेली तिची बोटं पांढरी पडली.

"आत्या? बाबा कुठे आहेत?"

"तिच्या हातात."

ठिपकी खिडकीशी धावली. प्राण्याने जहाज उचललं होतं. दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून तो त्याला हळूहळू तिरकं करत होता, जशी आत्या कढईचा तळ बघायला कढई तिरकी करते. तळाला लोंबणारं शेवाळ इथूनही दिसत होतं. डेकवरची पिंपं घरंगळत होती. माणसं दोरखंडांना लोंबकळत होती. त्यांतला कोणता ठिपका बाबांचा, ते ठिपकीला ओळखता येईना.

"चौकट पुरी करू नकोस," आत्या म्हणाली. "जहाज आत आहे."

"पण ती त्यांना सांडेल!"

"माहितेय मला! मला विचार करू दे!"

ठिपकीला मात्र काही तरी सुचलं होतं. सुचलेलं आत्याला तोंडावर सांगायचं म्हणजे बाहेरच्या प्राण्याइतकीच भीती.

"आत्या, रागावू नकोस."

"काय?"

"तू खरी रागावलीस ना, की हातातलं खाली ठेवतेस. हळूच ठेवतेस, आपटत नाहीस. मग हात कमरेवर ठेवतेस. मी तिला तुझ्यावरूनच काढलंय. म्हणजे तीही..."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. "मी असं करते?"

"हो," टेबलाखालून शिक्केबुवा म्हणाले. "सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग तिला आणखी रागवायला लावायचं," आत्या पुटपुटली. "कशाने?"

ठिपकीला उत्तर ठाऊक होतं. या घरात एक वाक्य कुणी कधी उच्चारत नसे. तिने ते आत्याच्या कानात सांगितलं. आत्याचा चेहरा कुणी चापट मारल्यासारखा लाल झाला.

पण तिने भिंतीवरचा पितळी कर्णा काढला, खिडकीतून बाहेर वाकली आणि पूर्ण ताकदीने ओरडली, "अगं ए! तुझी रेघ वाकडी आहे!"

सगळं बंदर गप्प झालं. समुद्रपक्षीसुद्धा ओरडायचे थांबले.

प्राण्याने सावकाश मान वळवली. चष्म्याच्या काचांमधून दोन प्रचंड डोळे थेट त्या खिडकीवर रोखले गेले.

"माझी?" प्राणी म्हणाला. "माझी रेघ?"

"तुझीच! जन्मापासून वाकडी!"

प्राण्याने जहाज पाण्यावर ठेवलं. इतकं जपून ठेवलं की लाटसुद्धा उठली नाही. मग त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले, छातीत हवा भरून घेतली, आणि ओरडायला सुरुवात केली.

काय काय बोलला ते कुणाला नीट कळलं नाही. आजकालची पोरं, उपकारांची जाण, पुसलेलं फडकं जागेवर न ठेवणं, असं काही तरी होतं. पण त्या ओरडण्याचा वारा सुटला. तो किनाऱ्यावर आपटून उलटा फिरला, जहाजाच्या शिडांत शिरला, शिडं ढोलासारखी फुगली आणि जहाज सुसाट निघालं, प्राण्याच्या अंगावरून, शेपटीवरून, बाहेरच्या समुद्राकडे.

"ठिपके, टाक घे!" आत्याने नवा कण चिमटीत घेतला. एक डोळा दुर्बिणीला, एक हात नकाशावर. "इथे आहे. अजून आत. थांब. अजून आत... शेपटीवरून चाललंय..."

प्राण्याचं ओरडणं जवळ येत होतं. तो खिडकीच्या दिशेने सरकत होता. नकाशावरचं चित्रही सरकत होतं. आणखी थोडं पुढे आलं असतं, तर ते चौकटीच्या काढलेल्या बाजू ओलांडून घराच्याच चित्रावर चढलं असतं.

"आत्या, ती येतेय!"

"माहितेय. थांब."

खिडकीत अंधार झाला. बाहेर फक्त चष्म्याची एक काच दिसत होती आणि तिच्यात त्या दोघी, इवल्याशा.

"आत्ता! बाहेर पडलं! ओढ!"

ठिपकीने रेघ ओढली. हात वाऱ्यातल्या पानासारखा कापत होता. रेघ वर गेली, खाली आली, शेपटीला चुकवता चुकवता शेपटीवरूनच गेली, पण तुटली नाही. टोकाला टोक मिळालं. तिने कोपऱ्यात लिहिलं: एकास एक.

ओरडणं मधेच बंद झालं. खिडकीत पुन्हा ऊन आलं.

ठिपकी जमिनीवर बसली आणि रडली. आत्याही तिच्याशेजारी जमिनीवर बसली. तिने हात कमरेवर ठेवले नाहीत. कुठे ठेवायचे ते तिला समजत नव्हतं. शेवटी तिने ते ठिपकीच्या पाठीवर ठेवले.

संध्याकाळी बाबा आले, नखशिखांत भिजलेले. उंबऱ्यातच त्यांनी विचारलं, "हे काय होतं? त्या बाईचा चेहरा कुठे तरी पाहिल्यासारखा..." मग बहिणीकडे बघून ते गप्प झाले. शहाणे होते.

ठिपकी त्यांच्या कमरेला अशी चिकटली की त्यांना ओले कपडेही बदलता येईनात.

एका कोळ्याने जाळ्यात सापडलेला अंगठ्याएवढा प्राणी ओंजळीत घालून आणून दिला. शिक्केबुवांनी शिक्का मारलेल्या बशीत तो राहू लागला. कुणी घरात आलं की बारीक आवाजात "पाय पुसा" म्हणतो. लोक हसतात, पण पाय पुसतात. कारण चौथी रेघ वाकडी गेली होती आणि शेपटीचं टोक चौकटीबाहेर राहिलं होतं. ते अजून बंदराच्या तोंडाशी उभं आहे, मनोऱ्याएवढं. बशीतली बाई चिडली की तिकडे ते टोक पाण्यावर आपटतं आणि धक्क्यावरच्या होड्या उलट्या होतात.

काही दिवसांनी ठिपकी नवा नकाशा काढत होती. नदीला वळण देताना टाक घसरला आणि नदी डोंगरावर चढली. तिने खाली मान घातली. आता आत्या टाक खाली ठेवेल, असं वाटून ती वाट पाहत राहिली.

बशीतल्या प्राण्याने हात कमरेवर ठेवले.

आत्याने मात्र टाक हातातच ठेवला. तिने आपलं स्टूल ठिपकीच्या स्टुलाजवळ ओढलं.

"नदी डोंगरावर का चढत नाही, माहीत आहे?" तिने विचारलं.

"नाही," ठिपकी म्हणाली.

"मग आधी ते सांगते," आत्या म्हणाली. दूर बंदरात शेपटी एकदा आपटली, आणि दोघींनी दचकून एकमेकींचा हात धरला.